क्लचवरचा पाय

राऊच्या अलीकडे रेल्वेलाईनवरचा पूल चढताना गाडीनं जीव सोडला. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. दीक्षा चालवत होती, शेजारी तिचे वडील शंकरराव आणि मागच्या सीटवर नऊ वर्षांची धम्मदीना. इंदूरहून महूला मावशीकडे जेवायला निघाले होते. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन किंचाळायचं, काटा वर पळायचा, आणि गाडी मात्र चढावर म्हशीसारखी रेंगाळायची. मग जळलेल्या केसांसारखा वास आत भरला आणि गाडी थांबलीच. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. एक स्कूटरवाला बाजूनं जाताना काचेवर टकटक करून म्हणाला, "मॅडम, क्लच पे से पाँव हटाओ, तब चढ़ेगी."

दीक्षानं हँडब्रेक ओढला. तिचा डावा पाय क्लचवर नव्हताच.

"क्लचवर पाय ठेवून चालवलं की हेच होणार," शंकरराव समोर बघत म्हणाले. "किती वेळा सांगितलं."

त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. ती अठराची असताना महूला छावणीमागच्या मैदानात, कुणाची तरी जुनी जीप मागून आणून त्यांनीच तिला गाडी शिकवली होती. गिअर पडला की डावा पाय खाली जमिनीवर, हा पहिला धडा. वीस वर्षं ती तो पाळत आली होती. पण मागे गाड्यांची रांग लागलेली, धम्मदीना रडकुंडीला आलेली, तेव्हा ती काही बोलली नाही. दोघा-तिघांनी ढकलून गाडी कडेला लावली, दीक्षानं टोइंगवाल्याला फोन केला आणि मावशीला येत नाही म्हणून कळवलं.

शंकरराव सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सप्लाय कोरचे ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ट्रक चालवले, त्यातली निम्मी लडाख आणि अरुणाचलात. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशा रस्त्यांवर रेशन आणि रॉकेल पोचवलं. एकाही गाडीला ओरखडा नाही, असं कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं पत्र त्यांनी फ्रेम करून ठेवलं होतं. बायको कौसल्या गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, महूचं घर भाड्यानं देऊन ते राजेंद्र नगरला लेकीकडे राहायला आले. दीक्षाचा नवरा पंचशील बँकेत, खंडव्याला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. दीक्षा पिथमपूरच्या एका औषध कारखान्याच्या तपासणी लॅबमध्ये. कंपनीची बस सकाळी सातला कोपऱ्यावर यायची. त्यामुळे धम्मदीनाला दहा किलोमीटरवरच्या शाळेत सोडणं आणि दुपारी आणणं हे शंकररावांनी पहिल्याच आठवड्यात आपल्याकडे घेतलं. स्कूलव्हॅन बंद केली. "व्हॅनवाले पोरांना बटाट्यासारखे भरतात," ते म्हणाले होते, आणि दीक्षाला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून ती वडिलांबरोबर मल्हारगंजात यतीनच्या वर्कशॉपला गेली. यतीन गेली सात वर्षं ही गाडी बघत होता. गल्लीच्या तोंडाशी एका बंद गोदामाच्या आवारात त्याचं काम चालायचं. गाडी वर घेतलेली, गिअरबॉक्स उतरवून खाली पोत्यावर ठेवलेला. शेजारी दोन-तीन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांची वाट बघत चहा पीत उभी होती.

"काकाजी, खल्लासच काम आहे," यतीन म्हणाला आणि क्लच प्लेट त्यानं शंकररावांच्या हातात दिली. दीक्षाच्या नाही. प्लेट दोन्ही बाजूंनी झिजून रिव्हेटची डोकी वर आली होती. "आता हे बघा." त्यानं टॉर्च आत मारला. इंजिनाच्या पाठीला फ्लायव्हील दिसत होतं, लोखंडाचं जाड चाक. त्याचं जे तोंड आरशासारखं असायला हवं, त्याच्यावर खोल चरे होते, आणि चऱ्यांच्या मधे निळे-जांभळे डाग.

"लेथवर घासून, फेस मारून नाही चालणार?" शंकररावांनी विचारलं.

"नाही ना. मागच्या वेळेस फेस मारूनच बसवलं होतं. आता जाडीच नाही उरली, आणि या बघा, केसासारख्या चिरा. तापून-तापून पडल्यात. नवंच टाकावं लागेल. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील, पूरा सेट."

"मागच्या वेळेस म्हणजे दोन वर्षांपूर्वी," दीक्षा म्हणाली. "त्याच्या आधीची प्लेट सात वर्षं चालली होती."

"तेच तर ना ताई. पहली वाली ऐंशी हजार गेली. ही तेवीस हजारात." यतीननं रिलीज बेअरिंग बोटावर फिरवलं. ते रेतीत फिरल्यासारखं खरखरलं. "ट्रॅफिकमध्ये चालवून इतकं नाही होत. हे बेअरिंग क्लच दाबला की तेव्हाच फिरतं. हे चोवीस तास फिरलंय. मतलब चालवणाऱ्याचा पाय पेडलवरच असतो, कायम. गाडी पळत असली तरी."

शंकरराव हसले. प्लेट खाली ठेवून त्यांनी हात रुमालाला पुसले. "मुलीची सवय आहे रे. मी सांगून थकलो."

यतीनही हसला. चहा पिणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "लेडीज गाडी म्हणजे क्लचचं काम पक्कं, भिया. आमच्या घरी पण हेच." मग तिघंही हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, म्हणूनच दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तिथेच बोलू शकली असती. तेवीस हजार किलोमीटर. शाळेच्या रोज दोन फेऱ्या, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, वर्षाचे दोनशे वीस दिवस, दोन वर्षं. साडेसतरा हजार होतात. तिच्या वाट्याला रविवार येतात. लॅबमध्ये ती दिवसभर हेच करते, आकडे समोरासमोर ठेवते आणि कुठला खोटा ते शोधते. पण चार परक्या माणसांसमोर बापाला खोटं पाडायचं, हे तिला जमलं नाही. ती फक्त म्हणाली, "पेडलचा रबरही बदला." आणि वाकून तिनं तो पाहिला. रबर डावीकडच्या कडेला पार गुळगुळीत झाला होता, चार बोटं रुंद. तेवढी जागा घासायला तिच्यासारखे दीड पाय लागले असते.

घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. शंकररावांनी मात्र नेहमीच्या आवाजात सांगितलं की गाडी शनिवारपर्यंत मिळत नाही, तोवर शेजारच्या रघुवीरची गाडी मागून घेतलीये, धम्मूच्या शाळेचा प्रश्न नाही. रघुवीर शेजारच्याच बंगल्यातले, निवृत्त ऑडिटर, त्यांची गाडी आठवडाभर जागची हलायची नाही.

संध्याकाळी पंचशीलचा फोन आला. "काय गं, क्लच जाळलास म्हणे? बाबा सांगत होते." त्याच्या आवाजात हसू होतं. "थोडी सवय आहे खरी तुझी."

"माझी सवय तू कधी बघितलीस?" दीक्षा म्हणाली. "तू शेजारी बसलास की पाच मिनिटांत झोपतोस." आणि तिनं फोन ठेवून दिला. आपल्याला इतका राग एका क्लचचा येतोय का, हे तिचं तिलाच कळेना. भांडी विसळताना तिनं स्टीलचा डबा इतक्या जोरात आपटला की झाकणाला पोचा आला.

बुधवारी ती साडेसहाला परतली. धम्मदीना जेवणाच्या टेबलावर नकाशा रंगवत बसली होती. दीक्षानं दारातल्या चपला सरळ करायला घेतल्या, तर शंकररावांची एकच चप्पल, उजवी.

"दुसरी कुठे गेली?"

"शाळेत राहिली," धम्मदीना नकाशातून मान वर न करता म्हणाली. "गेटपाशी निघाली पायातून. आबा तसेच गाडीत बसले आणि घरी आले. मी दुपारी बघितलं तर वॉचमन अंकलनी उचलून ठेवलेली. पण परत यायच्या घाईत विसरले मी. उद्या आणते."

"तसेच म्हणजे? एक पाय अनवाणी?"

"त्यांना कळतच नाही. तो पाय झोपलेला असतो." तिनं नर्मदेला निळा रंग दिला. "घरात पण निघते कधी कधी. मी सांगते, आबा चप्पल. गाडीत पण मीच सांगते."

दीक्षा तिच्या समोरची खुर्ची ओढून बसली. "गाडीत काय सांगतेस, धम्मू?"

आता मुलीनं वर बघितलं. आईचा आवाज तिला वेगळा वाटला असावा. "पाय कुठे आहे ते," ती सावकाश म्हणाली. "आबा विचारतात ना, को-ड्रायव्हर, डावा पाय रिपोर्ट. मग मी खाली बघून सांगते, क्लचवर. एकदा ब्रेकवर गेला होता. मी ओरडले, तेव्हा त्यांनी हातानं उचलून बाजूला ठेवला."

"पुढच्या सीटवर बसतेस तू?"

"मागून दिसत नाही." मग थोड्या वेळानं, "आईला सांगू नको म्हणाले होते. पण तू विचारलंस."

"बरं केलंस सांगितलंस," दीक्षा म्हणाली. "जा, शेजारी स्पृहाकडे खेळ जरा वेळ. मी बोलवीन."

शंकरराव गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते. पायात आंघोळीच्या रबरी सपाता, डावीला वरून सुतळी बांधलेली. ती सुतळी तिनं याआधीही पाहिली होती. पट्टा तुटला असेल असं धरून चालली होती.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"पायाला."

त्यांनी पाइप खाली टाकला नाही. पुढच्या कुंडीकडे वळले. "धम्मू बोलली."

"नऊ वर्षांची आहे ती, बाबा. तुम्ही तिला पुढे बसवून तिच्याकडून पाय शोधून घेता."

"ओरडू नकोस. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू. किती दिवस?"

"दोन वर्षं असतील," ते म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. रात्रीतून आग व्हायची. मग मुंग्याही बंद झाल्या, तेव्हा म्हटलं बरं झालं." त्यांनी नळ बंद केला. "शुगरचं आहे. ह्या वयात होतं सगळ्यांना. त्यात काय सांगायचं?"

"सांगायचं नव्हतं तर गाडी सोडायची होती."

"का सोडू?" आता त्यांचाही आवाज चढला. "एक ओरखडा दाखव त्या गाडीवर. एक. पाय कुठे आहे हे मला माहीत असतं. एकदा क्लचवर ठेवला की मी तो उचलतच नाही. उचलला तर परत सापडत नाही, म्हणून तिथंच ठेवतो. क्लच जळाला तर जळाला. क्लच नवा मिळतो."

वर्कशॉपमधलं ते निळं पडलेलं चाक दीक्षाच्या डोळ्यांसमोर आलं. रोज चार वेळा, दहा-दहा किलोमीटर, हे चाक तापत होतं, कारण ह्या माणसाला पाय उचलायची भीती वाटत होती. आणि त्यातल्या दोन वेळा तिची मुलगी शेजारी वाकून खाली बघत बसलेली, समोर रस्त्याकडे नाही.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "पुलावर गाडी बंद पडली तेव्हाही माहीत होतं. यतीनकडे माहीत होतं. आणि नाव माझं घेतलंत."

शंकरराव पाइप गुंडाळायला लागले.

"पंचशीललाही फोन करून सांगितलंत. कुणी विचारलं नव्हतं."

"तुला काय फरक पडतो त्यानं?" ते म्हणाले. "तुझी नोकरी आहे, सगळं आहे. बाईनं क्लच जाळला म्हटलं की लोक हसतात आणि चार दिवसांत विसरतात. माझं कुणी विसरलं नसतं. युनिटमध्ये ड्रायव्हरची मेडिकल कॅटेगरी घसरली की त्याला स्टोअरमध्ये टाकायचे. बटाटे मोजायला. मी बघितलीत ती माणसं. सहा महिन्यांत म्हातारी होतात."

"म्हणून मला हसू द्यायचं."

"हो," ते म्हणाले. मग जरा खाली बघून, "तेव्हा तेवढंच सुचलं."

त्यांनी माफी मागितली असती तर दीक्षा कदाचित रडली असती. त्या 'हो'नं ती आणखीच भडकली. खाली जाऊन तिनं खिळ्यावरची रघुवीरकाकांच्या गाडीची किल्ली काढली आणि तशीच शेजारी गेली. रघुवीर दारातच पेपर वाचत बसले होते. "एवढ्यात परत? हवालदारसाहेबांना म्हणावं, ठेवा शनिवारपर्यंत," ते म्हणाले.

"नको काका. बाबांच्या डोळ्यांचं थोडं काम निघालंय," तिनं सांगितलं.

परतताना फाटकाची कडी लावता लावता तिच्या लक्षात आलं की आपणही त्यांना झाकलं. काही विचार न करता, सराईतासारखं.

शुक्रवारी ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. ते निमूट आले. नाही म्हणायची सोय तिनं ठेवली नव्हती. डॉक्टर तरुण मुलगी होती, मोकळी बोलणारी. तिनं शंकररावांना पलंगावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि ब्रशच्या केसासारखा एक नायलॉनचा तुकडा काढला. "बाबाजी, तळपायाला हे टेकेल तेव्हा फक्त 'हो' म्हणायचं."

तिनं डाव्या अंगठ्याखाली तो दोरा टेकवला. दोरा वाकला. शंकरराव गप्प. टाचेला टेकवला. गप्प. मग तिनं हात मागे घेतला, कुठेच काही टेकवलं नाही, आणि तेव्हा शंकरराव ठामपणे म्हणाले, "हो."

दीक्षा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. सगळं समोर दिसत होतं तिला. पुन्हा दोरा वाकला, ते गप्प, पुन्हा काहीच नाही, आणि "हो." अंदाजानं बोलत होते. परेडवर नाव पुकारल्यावर देतात तसा आवाज होता, खणखणीत. टाचेच्या कडेला पिकून वाळलेली एक जखम होती, रुपयाएवढी, आणि तिच्यात काळा खडा रुतून बसला होता. डॉक्टरनं तो चिमट्यानं काढला तेव्हाही त्यांचा चेहरा हलला नाही. दीक्षाला वाटलं, ह्यांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवावं. असलं कसं हट्टी माणूस. इतकं होईपर्यंत. तिनं पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळून आवळला.

मग उजव्या पायाची पाळी आली. त्याच्यावर दहा जागा झाल्या. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, गोळ्या दिल्या, जखमेचं ड्रेसिंग रोज करायला सांगितलं. "आणि गाडी चालवायची नाही," ती म्हणाली. "क्लचची तर अजिबातच नाही."

"कधीपर्यंत?" शंकररावांनी विचारलं.

डॉक्टरनं दीक्षाकडे बघितलं. "बाबाजी, गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. आहे ती टिकवायची."

शनिवारी दुपारी गाडी तयार झाली. दीक्षा आणायला एकटीच जाणार होती, पण शंकरराव बूट घालून आधीच दारात उभे राहिले. यतीननं झिजलेले भाग खोक्यात काढून ठेवले होते, दाखवायला. नवं फ्लायव्हील बसलं होतं, गिअरबॉक्स चढला होता, गाडीच्या खाली तेलाचा एक थेंब नव्हता. त्यानं ट्रायल मारून आणली आणि सवयीनं किल्ली शंकररावांपुढे धरली.

"मख्खन झालीये, काकाजी. पेडल हलकं आहे आता, थोडं वर पकडतं. ताईंना तेवढं शिकवा, पाय खाली ठेवायला. नाही तर दोन वर्षांनी परत भेटू."

मंगळवारचं ते चहा पिणारं गिऱ्हाईक आज नव्हतं, पण दुसरे दोघं होते, आणि तेही हसले. दीक्षा थांबली. तिनं मनात ठरवलं होतं की वडिलांना वेळ द्यायचा. एक वाक्य पुरलं असतं. शंकररावांनी किल्ली घेतली नाही. खोक्यातल्या जुन्या प्लेटकडे ते बघत राहिले, जणू तिच्यावर काही लिहिलं होतं. यतीनचा हात तसाच पुढे.

मग तिनंच किल्ली घेतली.

"यतीनभाऊ, ही गाडी रोज बाबा चालवत होते," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण वर्कशॉपभर गेला. "शाळेच्या फेऱ्या त्यांच्या. मी फक्त रविवारी. बाबांच्या डाव्या पायाला कळत नाही, तो पेडलवर राहायचा. माझा पाय नव्हता तो."

कुणी हसलं नाही. यतीन गोंधळून म्हणाला, "अरे, मला काय माहीत ताई, मी तर यूँ ही..." एका गिऱ्हाइकानं मोबाईल काढून त्यात डोकं घातलं. शंकररावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते चालत जाऊन गाडीच्या डाव्या बाजूला बसले, दार ओढून घेतलं आणि पट्टा लावला.

नवा क्लच खरोखर हलका होता. सिग्नलला गाडी दोनदा झटका देऊन निघाली, एकदा बंद पडली. मागचे हॉर्न वाजले. शंकररावांनी तोंड उघडलं नाही.

"चार लोकांत बोलायला नको होतं," घराच्या फाटकाशी ते म्हणाले.

"तुम्हीही चार लोकांतच बोलला होतात," दीक्षा म्हणाली.

तिला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. पण पश्चात्तापही झाला नाही. रात्रीचं जेवण तिनं वाढलं, ड्रेसिंग केलं, पट्टी जरा घट्टच बांधली, मग सोडून पुन्हा नीट बांधली. त्या संध्याकाळी पंचशील आला होता. त्यानं दोघांकडे बघितलं आणि विनोद करायचा बेत रहित केला. धम्मदीनाला आता पुढे बसायचं नाही हे कळलं तेव्हा ती हिरमुसली. आपण चुगली केली म्हणून आबांचं काम गेलं, असं ती आईला म्हणाली, आणि त्यावर दीक्षाला बापाचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता.

व्हॅन पुन्हा सुरू झाली. आठवडा असाच गेला, हो आणि नाही एवढ्यावर. पुढच्या शुक्रवारी दीक्षा बसमधून उतरून घरी आली तर शंकरराव टेबलाशी चष्मा लावून बसले होते. पुढ्यात एक गुळगुळीत रंगीत पत्रक.

"ऑटोमॅटिक," ते म्हणाले. "रघुवीरचा पुतण्या घेऊन आला. ह्यात क्लचच नाही. डाव्या पायाला कामच नाही काही."

दीक्षानं पर्स खुर्चीवर टाकली. "बाबा."

"ऐकून तर घे. महूचं भाडं साठलंय माझं, तुझ्याकडे काही मागत नाही. उजवा पाय माझा ठीक आहे."

पुन्हा तीच आग आत पेटली. ह्यांना काहीच पोचलं नाही का, तो दोरा, तो खडा, पोरीचं हिरमुसणं. तिनं ठरवलं, आता मऊ बोलायचं नाही. "उजवाही ठीक नाहीये," ती म्हणाली. "दहापैकी तीन चुकलात तुम्ही. मी समोर उभी होते. ब्रेक उजव्या पायानं दाबतात."

शंकररावांनी चष्मा काढला. ती वाट बघत होती की ते नाकारतील, डॉक्टर पोरगेलीय म्हणतील, लडाख काढतील.

"चार," ते म्हणाले. "तीन नाही. एक मी अंदाजानं बरोबर सांगितला." त्यांनी पत्रकाची घडी घातली, अगदी नीट, कडेवर कडा जुळवून. "मी मोजत होतो. म्हटलं, तुला कळलं नसेल तर बघावं."

"कळलं नसतं तर चालवली असतीत?"

बाहेर रस्त्यावर धम्मदीना आणि स्पृहा सायकलवरून एकमेकींना हाका मारत होत्या.

"चालवली असती," ते म्हणाले.

हे खरं होतं, आणि खरं बोलले म्हणून तिचा राग कमी झाला नाही. पण आठवड्यात पहिल्यांदाच ती त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. त्यांनी पत्रक तिच्याकडे सरकवलं. तिनं ते न उघडता उचललं, चार तुकडे केले आणि टेबलावरच ठेवले.

"व्हॅन सात-वीसला येते," काही वेळानं शंकरराव म्हणाले. "कोपऱ्यापर्यंत मी सोडत जाईन तिला. पायी."

"बूट घालून. मोजे घालून. आणि परत आल्यावर तळपाय आरशात बघायचे, रोज."

"बघीन."

"मी विचारणार आहे."

"विचार की," ते म्हणाले. त्यांचाही आवाज रागीटच होता.